आठ महिन्यांची मुलगी, येऊ घातलेले दात आणि पातळ शी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठ महिन्यांची, वजन आठ किलो. खालच्या हिरडीत पांढरी रेघ दिसू लागली आहे. चार रात्री झाल्या, तास-दीड तासाने उठून रडते. लाळेरं दिवसातून सहा वेळा बदलावं लागतं. कालपासून चार-पाच वेळा पातळ शी झाली आहे आणि अंग कोमट लागतंय. सासूबाई म्हणतात, दात येताना जुलाब व्हायचेच, टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला लाव. शेजारच्या वहिनींनी औषधाच्या दुकानातून जेल आणून दिलं आहे. वरच्या हिरडीलाही फुगवटा आलाय, आणि वरचा दात आधी आला तर मामाला जड जातं, असंही घरात कुणी बोललं आहे. आई विचारतेय, यातलं काय लावू आणि तिचं दुखणं कसं कमी करू?

मी बालरोगतज्ज्ञ आहे. 26 वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतो आणि दर वेळी मी त्याचे दोन भाग करते. हिरडी दुखतेय तिला आराम कसा द्यायचा, हा एक भाग. तो सोपा आहे. दुसरा भाग म्हणजे, जे जे होतंय ते सगळं दातामुळेच होतंय का? जास्त जपायचं ते इथे.

आधी दाताबद्दल. दात हिरडी फाडून, मांस कापून वर येतो अशी आपली समजूत असते, म्हणून बाळाला सुरी चालवल्यासारखं दुखत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात दाताच्या वरचं हाड आणि हिरडी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवत नेतं, वाट मोकळी करून देतं आणि दात त्या वाटेने वर सरकतो. हिरडी थोडी सुजते, लालसर होते, शिवशिवते. म्हणून बाळ हाताला लागेल ते चावतं, मूठ तोंडात कोंबतं, किरकिर करतं. काही बाळांना यातलं काहीच होत नाही. एका सकाळी भरवताना चमच्याला ‘टिक्’ असा आवाज येतो आणि तेव्हाच घरात कळतं की दात आला. तुमच्या मुलीला जास्त त्रास होतोय की नेहमीचाच, हे तिला न पाहता मी सांगू शकत नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांतही यात फरक असतो.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी 2000 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सव्वाशे बाळांच्या आईवडिलांनी रोज बाळाचा ताप, झोप, शी, लाळ, किरकिर हे सगळं लिहून ठेवलं होतं आणि दात कधी दिसला तेही नोंदवलं होतं. दात येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, अशा आठ दिवसांत चावणं, लाळ, हिरडी चोळणं, किरकिर, कान चोळणं, घट्ट जेवण नको म्हणणं आणि अंग किंचित कोमट होणं या गोष्टी वाढलेल्या दिसल्या. पातळ शी, उलटी, खोकला, 102 च्या वरचा ताप यांचा दाताशी संबंध आढळला नाही. मी रोज दवाखान्यात पाहते त्याच्याशी हे जुळतं. दात अंग कोमट करतो, त्याने ताप भरत नाही. थर्मामीटर 100.4 किंवा त्याच्या वर गेला, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

मग सासूबाई चुकीचं सांगतात का? त्यांनी जे पाहिलंय ते खरंच आहे. त्यांच्या मुलांना दात येताना जुलाब झाले होते, नातवंडांनाही झाले. दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात. पोटात असताना आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहा महिन्यांच्या सुमाराला ओसरत जाते. त्याच वेळी उष्टावण होतं, नाचणीचं सत्त्व, वरणभात, बाहेरचं पाणी पोटात जाऊ लागतं. बाळ रांगू लागतं, फरशीवरची चप्पल, किल्ली, मांजराची वाटी सगळं तोंडात जातं. हिरडी शिवशिवत असल्यामुळे तर आणखीच जातं. त्यातून जंतू पोटात जातात आणि जुलाब लागतात. दात आणि जुलाब शेजारी शेजारी उभे असतात, म्हणून एकाने दुसऱ्याला आणलं असं वाटतं.

हा गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1839 साली 5,016 मृत्यूंची नोंद ‘दात येणं’ या कारणाखाली झाली होती. ती मुलं दातांनी गेली नव्हती. जुलाब, न्यूमोनिया, मेंदूज्वर असं काहीतरी होतं आणि दात येण्याचं वय होतं. तिथे दातांसाठी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत पारा असायचा. तो 1950 च्या दशकापर्यंत राहिला आणि त्याने मुलांना वेगळाच आजार जडायचा.

दवाखाना सुरू केला त्या पहिल्याच वर्षीचं एक बाळ मी विसरलेले नाही. नऊ महिन्यांचा मुलगा, जुलाबाचा चौथा दिवस. आईने टेबलावर ठेवताच आधी त्याचा खालचा ओठ बोटाने खाली करून मला दात दाखवला, ‘दाताचे आहेत, थांबतील म्हटलं होतं, पण आज दूधच घेईना.’ टाळू आत गेली होती. डोळे खोल. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली, हळूहळू बसली. रडत होता आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. सलाइन लावलं, तिसऱ्या दिवशी खेळायला लागला. त्या आईने काही हयगय केली नव्हती. घरातल्या चार अनुभवी बायकांनी सांगितलं म्हणून ती थांबली होती. तेव्हापासून ‘दाताचे जुलाब’ हे शब्द ऐकले की मी दात शेवटी बघते.

तेव्हा तुमच्या मुलीच्या पातळ शीला आपण साध्या जुलाबासारखंच वागवायचं. अंगावरचं दूध चालू ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. जेवणही बंद करू नका. प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिलिलिटर ओआरएस, वाटी-चमच्याने, सावकाश. पाकीट एका लिटरचं आहे की 200 मिलिलिटरचं हे वाचून तेवढ्याच पाण्यात एका वेळी सगळं कालवा. अर्धं पाकीट, अंदाजाने पाणी असं करू नका. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं आहे ना, ते पाहा. सोबत झिंक, सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करायचे. दोन्ही गोष्टी उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे फुकट मिळतात.

शीत रक्त दिसलं, उलट्या थांबेनात, सहा तासांत लघवी झाली नाही, टाळू किंवा डोळे आत गेलेले दिसले, बाळ मलूल पडलं, दूध ओढेना, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी थांबू नका. ताप 100.4 च्या वर गेला आणि सर्दी-खोकला काहीच नाही, तर लघवी तपासून घ्या. मुलींमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग असा नुसत्या तापाने येतो आणि दातावर ढकलला जातो. कानाचंही तसंच. दात येताना बाळ कान चोळतं हे खरं, पण सर्दीनंतर ताप आणि आडवं केलं की रडणं असं असेल तर कानाच्या आत बघायला हवं.

आणखी एक आजार दाताच्या नावाखाली हमखास लपतो. तोंडातला नागिणीच्या जातीचा विषाणू. त्यात चांगला ताप येतो, हिरड्या एका जागी नाही तर सगळीकडे लालभडक सुजतात, हात लावला तर रक्त येतं, जिभेवर आणि ओठाच्या आत बारीक फोड येतात. लाळ इतकी गळते की दात येतायत असंच वाटतं. फरक असा की दाताची हिरडी चोळली तर बाळाला बरं वाटतं, या आजारात तोंडाला हातसुद्धा लावू देत नाही. फोड दिसले तर दाखवून घ्या.

हिरडीवर कधी कधी निळसर-जांभळा, वाटाण्याएवढा फुगा येतो आणि आईबाप घाबरून येतात. दात वर येताना त्याच्यावर पाणी किंवा रक्त साठून तो होतो. तो टोचायचा नाही, दाबायचा नाही. दात आला की आपोआप फुटतो.

आता हिरडीचं दुखणं.

सगळ्यात गुणाचं औषध म्हणजे तुमचं बोट. नख कापलेलं, साबणाने धुतलेलं. बाळाला मांडीवर उताणं घ्या, डोकं तुमच्या पोटाशी येईल असं, म्हणजे तुमचं तोंड तिला उलटं दिसेल आणि ती बघत राहील. करंगळी खालच्या हिरडीवर ठेवून हलकेच दाब देत इकडून तिकडे न्या. सुरुवातीला ती तोंड फिरवेल, मग बोट घट्ट चावून धरेल. चावू द्या. तिला दाबच हवा असतो. एक-दोन मिनिटं पुरतात. दिवसातून कितीही वेळा करा, पण पाजण्याच्या आधी आणि निजवण्याच्या आधी नक्की.

दुसरं, गारवा. मलमलचं स्वच्छ फडकं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळा, एका टोकाला गाठ मारा, डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस मिनिटं ठेवा. ती गाठ तिला चघळायला द्या आणि दुसरं टोक तुमच्या हातात धरा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठलेली वस्तू नाजूक हिरडीला चिकटते, इजा करते. फ्रिज नसेल तर स्टीलचा चमचा गार पाण्यात बुडवून, पुसून, त्याची पाठ हिरडीला टेकवा. तेवढ्यानेही पुष्कळ बरं वाटतं.

चोखणी घ्यायची तर एकसंध रबराची किंवा सिलिकॉनची, मुठीत मावणारी पण तोंडात पूर्ण न जाणारी. आत पाणी भरलेली नको, दाताने फुटली की ते पाणी पोटात जातं. खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का 2021 पासून बंधनकारक आहे, तो बघून घ्या. जत्रेतली रंगवलेली लाकडी खेळणी दिसायला सुंदर असली तरी चघळायला देऊ नका, रंगात काय आहे ते कळत नाही.

खारकेबद्दल बरेच जण विचारतात. आमच्या भागात दात येताना खारीक चोखायला द्यायची पद्धत आहे. मी नको म्हणते. ती भिजून मऊ झाली की तुकडा निघतो आणि आठ महिन्यांच्या बाळाला तो चावता येत नाही, घशात अडकतो. कच्च्या गाजराचंही तेच. शिवाय खारकेचा गोडवा नव्या दातावर दिवसभर बसून राहतो. हवी तर भिजवून, वाटून, खिरीत घाला.

टाकणखार आणि मध मात्र अजिबात नको, आणि हे सासूबाईंना माझ्या नावाने सांगा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बाळाच्या अंगात साठतो आणि त्याने झटके येऊ शकतात. बोरॅक्स-मध लावलेली चोखणी चोखून बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. लाही केली तरी तो बोरॅक्सच राहतो. मध एक वर्षाच्या आत चाटवायचाच नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निपचित राहतात, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. त्याने बाळाचे स्नायू लुळे पडतात. सासूबाईंचा हात हिरडीवर फिरायला हवा, फक्त त्याला काही लावलेलं नको. त्यांच्या पिढीला बाळाचं तोंड चोळायची सवय आहे, ती सोन्यासारखी आहे.

जेलचं खोकं घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा. बेंझोकेन, लिग्नोकेन किंवा कोलीन सॅलिसिलेट यांपैकी एक नाव बहुतेक दिसेल. बेंझोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद अचानक कमी होते, बाळ निळं पडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली दोन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये असं स्पष्ट सांगितलं. लिग्नोकेन जास्त पोटात गेलं तर झटके येतात, हृदयावर परिणाम होतो. त्याबद्दलचा इशारा 2014 चा आहे. सॅलिसिलेट ॲस्पिरिनच्या कुळातलं, म्हणून ब्रिटनने 2009 साली असं जेल सोळा वर्षांखाली वापरू नये असं ठरवलं. धोका विरळ आहे, हे मी मान्य करते. पण फायदा तरी किती? लाळेच्या पुरात जेल दोन-तीन मिनिटांत वाहून घशात जातं. हिरडी तेवढ्यापुरती बधिर होते आणि मग घसाही बधिर होतो, दूध ओढताना ठसका लागतो. एवढ्यासाठी मी ते लिहून देत नाही.

दातांच्या म्हणून मिळणाऱ्या गोड गोळ्या बऱ्याच घरांत असतात. अमेरिकेत 2017 साली अशा काही गोळ्या तपासल्या तेव्हा त्यांत बेलाडोना हे विषारी द्रव्य कमी-जास्त प्रमाणात सापडलं. मी बाळांना त्या देत नाही. दाताचं दुखणं कमी होतं म्हणून बाळाच्या गळ्यात घालायच्या अंबरच्या, म्हणजे पिवळसर राळेच्या मण्यांच्या, माळा हल्ली ऑनलाइन मिळतात, परदेशातले नातेवाईकही पाठवतात. झोपेत गळा आवळला जाऊन मूल दगावल्याचं घडलं आहे. गळ्यात दोरा, ताईत, माळ काहीच घालून बाळाला झोपवू नका. ब्रँडीचं बोट तर कधीच नाही.

मग रात्री अगदीच सहन होत नसेल तर? चोळून, गारवा देऊन, अंगावर घेऊनही ती कळवळून रडत असेल, तर पॅरासिटामॉल द्यायला माझी हरकत नाही. प्रमाण वजनावर ठरतं, वयावर नाही. किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाला 80 ते 120. इथे आईबाप हमखास फसतात, कारण एकाच नावाच्या तीन बाटल्या दुकानात असतात. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, तुमच्या मुलीला त्यातलं एक मिलिलिटर पुरे. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 120 असतं, त्यातलं चार. तिसरी बाटली पाच मिलिलिटरला 250 ची, ती घरात आणूच नका. थेंबांची बाटली चमच्याने पाजली गेली तर पाच मिलिलिटरला 500 मिलिग्रॅम पोटात जातं. लिव्हरवर ते बेतू शकतं. म्हणून बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचा आणि सोबत आलेल्या ड्रॉपरनेच द्या. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवा. सलग दोन रात्रींपेक्षा जास्त लागलं तर मला किंवा तुमच्या जवळच्या डॉक्टरांना बाळ दाखवा, कारण नुसता दात इतका छळत नाही. निमेसुलाइड घरात असेल तर त्याला हात लावू नका. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात 2011 पासून त्यावर बंदी आहे.

रात्रीच्या रडण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला आई दिसेनाशी होते हे कळू लागतं. रात्री डोळे उघडले आणि तुम्ही दिसला नाहीत की ते घाबरून रडतं. मांडीवर घेताच शांत होऊन लगेच झोपत असेल, तर दाताचा त्यात वाटा थोडा. अंगावर हात ठेवा, तेच गाणं पुन्हा म्हणा, दिवा लावू नका. हे काही आठवड्यांत निवळतं.

पाजताना चावते का, हे तुम्ही लिहिलं नाही, पण आता चावेल. ओरडून मागे खेचू नका, त्याने जखम होते. तिला आणखी जवळ, छातीशी दाबा, नाक किंचित झाकलं गेलं की ती तोंड उघडेल. नाहीतर ओठाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवून तोंड सोडवा. बहुतेक बाळं पोट भरत आलं की शेवटी चावतात, तेव्हा ओढणं मंदावलं की काढून घ्या.

लाळेने हनुवटीला आणि मानेच्या वळीत पुरळ येतं. पुसू नका, मऊ कापडाने टिपा. पाजायच्या आणि निजवायच्या आधी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. ओलं लाळेरं बदलत राहा, तुम्ही ते करताच आहात.

दात कधी येतात याचीही काळजी असते. बहुतेकांचा पहिला दात सहा महिन्यांच्या आसपास दिसतो, पण चौथ्या महिन्यात येणारीही बाळं आहेत आणि वाढदिवसाला बोळकं असलेलीही. आई किंवा वडिलांचे उशिरा आले असतील तर बाळाचेही उशिरा येतात. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचे महिने मूळ तारखेपासून मोजा. दीड वर्ष झालं आणि एकही दात नाही, तर दाखवा. लवकर यावेत म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजायची गरज नसते. व्हिटॅमिन डीचे थेंब पहिल्या वर्षात चालू असावेत, तेवढं पाहा. पुढे तेराव्या महिन्यानंतर दाढा येतील. त्या रुंद असतात, तेव्हा दोन-चार दिवस पुन्हा असेच जातील. अडीच ते तीन वर्षांत वीसही दात पुरे होतात.

आणि मामा. वरचे दात आधी येणारी बाळं मी पुष्कळ पाहिली आहेत. क्रम थोडा उलटा, बाकी काही नाही. त्यांचे मामाही लसीकरणाला बाळाला कडेवर घेऊन माझ्याकडे येतात. घरात कुणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून मामाकडून काहीतरी आणवायचंच असेल, तर बाळाचा मऊ केसांचा छोटा ब्रश आणि फ्लोराइडची टूथपेस्ट आणायला सांगा. पहिला दात दिसला त्या दिवसापासून सकाळी आणि रात्री, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट लावून तो घासायचा.